पिवळा चिमटा

फळी दोन फूट लांब आणि सहा इंच रुंद. तिच्यावर सहा खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा, रंग दिलेला: तपकिरी, लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा. ही फळी माझ्या वडिलांनी केली, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये. मी तेव्हा कोल्हापुरात आईजवळ पहिली-दुसरीत होतो. गेल्या हिवाळ्यापर्यंत ती वापरात होती.

रेडिओवर चालणाऱ्या जुन्या शर्यतीच्या गाड्यांना सहाच फ्रिक्वेन्सी मिळायच्या, आणि ओळखायला त्यांना सहा रंग दिलेले होते. हातातल्या सेटमध्ये नखाएवढा एक क्रिस्टल बसवलेला असतो, तसाच दुसरा गाडीत. एकाच रंगाचे दोन सेट एका वेळी चालू झाले की गाडीला कुणाचं ऐकायचं ते कळत नाही. ती मधेच थांबते, मधेच पूर्ण वेगाने सुटते. म्हणून फळीवरून आपल्या रंगाचा चिमटा घ्यायचा, सेटच्या एरियलला लावायचा, आणि मगच बटण दाबायचं. चिमटा जागेवर नसेल तर ज्याने नेलाय त्याचं होईपर्यंत थांबायचं. चिमटा न घेता सेट चालू करणाऱ्याने आपला सेट टेबलावर जमा करायचा आणि दिवसभर दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या उचलायच्या. हा नियमही वडिलांचाच. हल्लीचे सेट आपली फ्रिक्वेन्सी आपणच शोधून घेतात, त्यामुळे आता कुणाला चिमटे लागत नाहीत. वडिलांना आणि त्यांच्या जुन्या मित्राला, चाचांना, लागायचे.

वडील उद्यमनगरातले टर्नर. शारजाला पंपांचे सुटे भाग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागले, तेव्हा तिथला युरोपियन इंजिनियर रजेवरून येताना सुटकेसमधून एक गाडी घेऊन आला. पंचेचाळीस-पन्नास सेंटिमीटर लांब, वजन तीन किलोच्या आसपास. तिकडे हा खेळ सुरू होऊन तेव्हा काहीच वर्षं झाली होती. उडत्या मॉडेल विमानाचं साडेतीन सीसीचं इंजिन काढायचं, अ‍ॅल्युमिनियमच्या सपाट पत्र्यावर आडवं बसवायचं आणि खाली चार चाकं लावायची, इतकीच ती गाडी होती. स्प्रिंग नाही, डिफरन्शियल नाही. वळणावर पत्राच थोडा पिळवटायचा, तेच सस्पेन्शन. विमानाच्या इंजिनाला पंख्याचा वारा मिळतो. गाडीत पंखा नाही, म्हणून चार-पाच फेऱ्यांत इंजिन तापून जाम व्हायचं. वडिलांनी लेथवर त्याला नवं डोकं काढून दिलं, खोल खाचा पाडलेलं, दुप्पट उंचीचं. मग क्लच. मोपेडच्या ब्रेकचं लायनिंग कापून दोन छोटे शू केले आणि त्यांना बॉलपेनची स्प्रिंग लावली. चाकं फोमची. चपलांच्या कारखान्यातून फोमचा तुकडा आणायचा, रिमवर चिकटवायचा आणि लेथवर गोल करून घ्यायचा. गाडी कठड्याला धडकली की स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दात तुटायचे. मोटर आणि चाकं यांच्यामध्ये वडिलांनी एक स्प्रिंग घातली, मग धक्का स्प्रिंग खायची. तिकडे युरोपात हीच युक्ती आधीच निघाली होती, हे त्यांना पुढे मासिकात दिसलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. ‘म्हणजे बरोबर होतं,’ एवढंच म्हणाले.

ती पहिली गाडी टँकरखाली गेली. वर्कशॉपच्या अंगणात तो इंजिनियर साहेब चालवत होता. मागे दुसऱ्या कुणीतरी आपला सेट लागतोय का ते बघायला बटण दाबलं. गाडी फाटकातून सुसाट रस्त्यावर गेली, आणि पाण्याचा टँकर येत होता. सगळ्यांनी मिळून वर्षभर घडवलेली गाडी पत्रावळीसारखी चपटी झाली. त्याच आठवड्यात वडिलांनी फळी केली.

चाचा त्या वर्कशॉपमधले वेल्डर. रत्नागिरीकडचे, मिरकरवाड्यातले, घरची मच्छीमार लाँच होती. वडील त्यांना ‘खलाशी’ म्हणत आणि ते वडिलांना ‘पैलवान’, कारण वडील कोल्हापूरचे आणि वजन बावन्न किलो. पुढे चाचांनी त्याच भागात स्वतःचं गॅरेज टाकलं. मागे एका बंद गोदामाचं सिमेंटचं अंगण होतं, चाळीस मीटर बाय पंचवीस. तिथे दोघं जुन्या गाड्या चालवायचे. आणखी तीन-चार मेकॅनिक यायचे, पण त्यांच्याकडे नवे सेट. जुने सेट या दोघांचेच. वडिलांचा मूळचा पिवळा. सहा वर्षांपूर्वी तो बिघडला, आणि चाचांनी कुठून तरी जुना सेट मिळवून दिला. त्यात क्रिस्टल निळा, जुना पिवळा त्यात बसेना, आणि चाचांचाही निळाच. म्हणजे दोघांत एकच चिमटा. एकाने चालवायची, दुसऱ्याने प्लास्टिकच्या खुर्चीत बसून नावं ठेवायची.

“खलाशी, गाडी आहे ती. वल्हं नाही मारायचं.”

“तू गप रे पैलवान. तुझी वळणावर झोपते, तिला आधी चहा पाज.”

मी अल नहदामध्ये राहतो, दोन बेडरूमचा फ्लॅट, नववा मजला. मी बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर आहे, मालाचा आणि खर्चाचा हिशेब बघतो. बायको दुबईत एका फार्मसीत आणि मुलगी कॉलेजात. आई गेल्यानंतर आणि काम सुटल्यानंतर वडील माझ्या व्हिसावर आमच्याकडेच. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत ते घरात एकटे. याच गोष्टीची काळजी सुरू झाली होती.

सुरुवात कशी झाली हे सांगता येत नाही. साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी आली आणि अंगणातला खेळ शनिवारी गेला, तेव्हाही शुक्रवारी सकाळी ते टोपी घालून, गाडीची पेटी घेऊन दाराशी उभे राहायचे. चाळीस वर्षं सुट्टी शुक्रवारची होती, आणि तेव्हा सगळेच गोंधळले होते. मीही एकदा रविवारी ऑफिसला जायला निघालो होतो. आम्ही हसलो. पुढे आमची सवय बदलली, त्यांची बदलली नाही. मग एका दुपारी गॅस चालू राहिला, वर रिकामं पातेलं. बायकोने पातेलं मला दाखवलं. तळ निळसर काळा झाला होता.

“हे मी घासून ठेवू शकते,” ती म्हणाली, “पण पुढचं काय?”

डॉक्टरांनी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. वडिलांनी असं गोल काढलं की डॉक्टरांनी कागद उचलून बघितला. बाराही आकडे जागेवर, काटे अकरा दहावर. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, लक्ष ठेवा. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, दुसऱ्याला किंवा स्वतःला इजा होईल अशी एक जरी चूक झाली, तरी त्यानंतर घरात एकटं ठेवू नका.

घरातच राहणारा माणूस ठेवायचा तर महिना चार हजार दिरहम, म्हणजे नव्वद हजारांच्या वर, आणि त्याला झोपायला जागा नाही. बायकोने नोकरी सोडायची तर मुलीची फी निघत नाही. बहीण कोल्हापुरात, ती घरीच असते, तिची तयारी होती. तेव्हा हिशेब सरळ होता: तशी चूक झाली तर वडील कोल्हापूरला. मी हे त्यांना स्पष्ट सांगितलं, कारण त्यांच्यापासून लपवणं मला पटलं नाही.

“तिथं मला वळखणारं कोण राहिलंय?” ते म्हणाले. “तुझी बहीण आणि तिचा टीव्ही. हितं खलाशी आहे.”

“चूक झाली तर, बाबा. झाली नाही तर प्रश्नच नाही.”

“मग नाही होणार.”

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, “आजोबा इज फाइन. यू बोथ आर सो ड्रामॅटिक.” त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, साक्षीदाराकडे बघावं तशी.

त्यानंतर ते फार जपून राहू लागले. गॅसला हात लावत नसत. दार लावल्यावर कडी दोनदा ओढून बघत. शनिवारी अंगणात तर त्यांच्याइतका काटेकोर कुणी नव्हता. इंधन मापाच्या नळीने घेत, प्रत्येक नट हाताने तपासत. मी बघत असे आणि मला बरं वाटे. जिथे नियम आहेत तिथे हा माणूस चुकणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

जानेवारीतला शनिवार होता. हवा थंड, ऊन कोवळं, अंगणात एरंडेलाचा जळका वास. त्या इंधनात एरंडेल घालतात. चाचांची गाडी त्या दिवशी फारच छान पळत होती. त्यांनी आदल्या आठवड्यात फोमची नवी चाकं केली होती, आणि गाडी वळणावर चिकटून जात होती. ते लाकडी पॅलेटवर उभे राहून चालवत होते आणि मोठमोठ्याने सांगत होते, “बघ पैलवान, बघ! यल्ला! झोपते का? झोपते का सांग!”

वडील खुर्चीत बसलेले, मांडीवर त्यांची गाडी. ते उठून फळीकडे गेले. चिमटा काढला, एरियलला नीट लावला, दाबून बघितला. परत येऊन बसले आणि सेट चालू केला.

चाचांची गाडी लांबच्या टोकाला होती. ती एकदम अडखळली. चाचा म्हणाले, “आयला.” मग इंजिनाचा आवाज चढला आणि ती पूर्ण वेगाने सरळ आमच्या दिशेने आली. ताशी साठ किलोमीटर असावी. तीन किलोचं धातूचं वजन, जमिनीलगत. चाचा सेटचं चाक फिरवत होते आणि काही होत नव्हतं. गाडी खुर्चीच्या रोखाने येत होती. वडील खाली मान घालून आपल्या गाडीचा प्लग बघत होते. चाचा पॅलेटवरून उतरले आणि त्यांनी मधे पाय घातला.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. गाडी उलटली आणि चाकं वर करून ओरडत राहिली. एका मेकॅनिकने पुढे होऊन इंधनाची नळी उपटली, तेव्हा ती बंद झाली. चाचा जमिनीवर बसले होते. पाय घोट्याच्या वर भलत्याच जागी वाकला होता आणि पँट ओली होत होती.

कुणीतरी म्हणालं, “सेट किसका ऑन है?”

वडील उभे राहिले. सेटवरचा लाल दिवा लागलेला होता. त्यांनी एरियल वर धरलं.

“चिमटा माझ्याकडं आहे,” ते म्हणाले. “हा बघा. चिमटा घेतल्याशिवाय मी बटण दाबलेलं नाही.”

चिमटा पिवळा होता.

पिवळा चिमटा सहा वर्षं कुणी घेतला नव्हता. पिवळा क्रिस्टल त्या अंगणात कुणाकडेच नव्हता. त्यांनी नियम अक्षरशः पाळला होता, पण आता नसलेल्या सेटसाठी. मी त्यांच्या हातातून सेट घेतला आणि बंद केला. ते माझ्याकडे बघत होते. “माझं काय चुकलं?” त्यांनी विचारलं, आणि ते भांडत नव्हते, खरंच विचारत होते.

चाचांना मधुमेह होता, म्हणून गोष्ट हाडावर थांबली नाही. हाडाला सळई घातली, ती बसली. जखम मात्र भरेना. तिसऱ्या आठवड्यात दोन बोटं काळी पडली आणि ती काढावी लागली. मी रोज कामावरून सुटल्यावर इस्पितळात जात होतो. एका संध्याकाळी त्यांची सून चहा आणायला खाली गेली, तेव्हा ते म्हणाले, “तुला एक सांगायचंय. रागवायचं नाही.”

“काय चाचा?”

“वर्षभर चाललंय हे. तो अधूनमधून पिवळाच उचलायचा. मी बघायचो. माझी गाडी चालू असली की तो उठला रे उठला की मी नजर ठेवायचो, आणि पिवळा दिसला की माझी बंद करायचो. सांगायचो, इंधन संपलं. मग म्हणायचो, तू चालव पैलवान. त्याला वाटायचं, खलाशाची टाकी लहान आहे.”

ते हसले, मग पाय दुखला म्हणून थांबले.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर तू त्याला पाठवला असतास. तू हिशेबाचा माणूस. मग मी शनिवारी कोणाशी भांडू?”

 त्यांचं म्हणणं खरं होतं. मी पाठवलं असतं, आणि त्यांच्या पायाला पाचही बोटं असती.

“आणि त्या दिवशी?” मी विचारलं.

“त्या दिवशी गाडी इतकी झक्कास चालली होती रे,” चाचा म्हणाले. “इतक्या वर्षांत तशी चालली नव्हती. बघायचं राहूनच गेलं.”

घरी वडिलांना घडलेलं कधी आठवे, कधी नाही. एका रविवारी सकाळी त्यांचं डोकं साफ होतं. त्यांनी सेट मागितला. मी दिला. त्यांनी खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला, मागचं झाकण उघडलं आणि क्रिस्टल बाहेर काढून खिडकीपाशी नेला. त्याला निळी खूण होती. पिवळा चिमटा अजून एरियललाच होता. त्यांनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच थांबली.

“खलाशाचा पाय,” ते म्हणाले. “माझ्यामुळं.”

बायको म्हणाली, “बाबा, मुद्दाम नाही केलंत तुम्ही.”

“मुद्दाम कोण करतंय, सूनबाई? टँकरखाली गाडी घातली त्यानंबी मुद्दाम नव्हती घातली.” त्यांनी क्रिस्टल परत बसवला, झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले आणि सेट जेवणाच्या टेबलावर ठेवला. हात मागे घेतला. “जमा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून: “नियम एका दिवसाचा आहे. पण ह्ये काय एका दिवसाचं नव्हं. तिकीट काढ.”

ही सकाळ तिथे संपली असती तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतः ठरवलं, असं मला म्हणता आलं असतं. पण पुढच्या शनिवारी ते पुन्हा टोपी घालून उभे होते आणि पेटी शोधत होते. मी सेट चपलांच्या कपाटात ठेवला होता. तो त्यांना सापडला. मी सांगितलं, बाबा, चाचांचा पाय मोडलाय, आज नाही जायचं. त्यांचा चेहरा उतरला. “खलाशाचा? कसा?” मी सांगितलं. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी हातातला सेट टेबलावर ठेवला. “जमा,” म्हणाले, आणि खुर्चीत बसले. 

असं त्यानंतर अनेकदा झालं. एकदा मी खोटं सांगून बघितलं, चाचा गावाला गेलेत म्हणून. तेव्हा ते दिवसभर दाराशी ये-जा करत राहिले, कारण खलाशी न सांगता गावाला जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी खरं सांगावं लागलं. मुलगी तेव्हापासून शनिवारी लवकर मैत्रिणीकडे जाऊ लागली. 

मार्चमध्ये मी त्यांचा रेसिडन्स व्हिसा रद्द केला. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या मुलाने विचारलं, “फादर का? परमनंट?” मी हो म्हणालो. त्याने कागद फिरवून पुढे केला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.

जायच्या आधी मी त्यांना चाचांकडे नेलं. चाचा पलंगावर टेकून बसले होते, पाय उशीवर. वडील बराच वेळ पायाकडे बघत होते.

“काय रे खलाशी, काय झालं?”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “काही नाही. पॅलेटवरून पडलो.”

“तरी सांगत होतो, बसून चालव.”

“तुझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पैलवान.”

दोघं हसले. चाचांनी त्यांचा हात धरून ठेवला होता. निघताना वडील दारातून म्हणाले, “शनिवारी येतो.” चाचा म्हणाले, “इन्शाल्ला.” मी बाहेर जिन्यात थांबलो होतो. चाचांनी मान भिंतीकडे केलेली मला दिसली.

सेट आणि गाडी मी सामानात घातली नाही. फळी चाचांच्या गॅरेजमध्येच आहे. विमानतळावर बहीण त्यांच्याबरोबर होती, कोल्हापूरहून न्यायला आली होती. मला आत जाता येत नव्हतं, म्हणून मी वडिलांना दोरीच्या अलीकडे सोडलं. ते पाच-सहा पावलं गेले आणि परत आले. खिसे चाचपत होते.

“माझा सेट बंद आहे नव्हं?” त्यांनी विचारलं.

“बंद आहे, बाबा.”

“बघितलास?”

“बघितला.”

ते गेले. रांग वळून माझ्या समोरून पुन्हा आली, तेव्हा दोरीच्या पलीकडून त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि पासपोर्टच्या खिडकीपाशी वळून, मला ऐकू येणार नाही इतक्या लांबून, तिसऱ्यांदा. ओठांवरून कळलं. मी हात वर करून बोटाने बटण खाली ओढून बंद केल्यासारखं दाखवलं. त्यांनी मान डोलवली आणि पासपोर्ट पुढे केला.